जिच्यावाचून अडतं

हिंगोली,
१२ जुलै १९९८

मामा, नमस्कार. मामींनाही सांगा.

तुम्ही म्हणता फोनवर बोललेलं हवेत जातं, कागदावर लिहिलेल्याचा विचार होतो. तेव्हा विचार व्हावा म्हणून कागदावरच लिहिते आहे.

बंगलोरच्या डॉ. हेगडे सरांचं उत्तर आलं. गेल्या दिवाळीनंतर मी आपल्या सेनगावच्या माळावरच्या गवताचे वाळवलेले नमुने त्यांना पाठवले होते. पवन्या, मारवेल, कुसळी आणि दोन अशी गवतं, ज्यांची नावं मला कुठल्याच पुस्तकात सापडेनात. त्यांनी लिहिलंय की तुमच्या भागातल्या गवतावर कोणी नीट कामच केलेलं नाही, तुम्ही या आणि माझ्याकडे पीएच.डी. करा. मी ते पत्र आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, "गवतावर बी परीक्षा असती व्हय? मंग आपल्या मेंढरावानी हुशार कोनीच न्हाई." थट्टा करून मोकळी झाली, पण मग दिवसभर शेजारणींना सांगत फिरली.

विद्यापीठाची तीन वर्षांची पगारी अभ्यासरजा यंदा आमच्या वनस्पतिशास्त्र विभागातून एकाच अध्यापकाला मिळणार आहे. कोणाला, ते तुमचा अध्यापक विकास कक्ष ठरवणार. माझा अर्ज आज टपालात पडला. तुम्ही त्या कक्षाचे संचालक आहात म्हणून मला झुकतं माप द्या, असं मी लिहिलं तर तुम्ही पत्र फाडून टाकाल हे मला ठाऊक आहे. माझं म्हणणं एवढंच, की अर्ज शेवटपर्यंत वाचा. मला जायचं आहे, मामा. इतकं मनापासून मी आजवर कोणाकडे काही मागितलेलं नाही.

तुमची,
सुकन्या


विद्यापीठ परिसर,
३ ऑगस्ट १९९८

चि. सुकन्या, आशीर्वाद.

अर्ज शेवटपर्यंत वाचला. उत्तम आहे. आलेल्या सगळ्या अर्जांत उत्तम आहे, हे मी समितीतही बोलून दाखवलं. आणि म्हणूनच तुला सोडता येत नाही.

लगेच नाक फुगवू नकोस, नीट वाच. हिंगोलीचं उपकेंद्र कोणाच्या जिवावर चाललंय? प्रयोगशाळा तू उभी केलीस. वेळापत्रक तू करतेस, परीक्षा तू घेतेस, पोरांना माळावर तू हिंडवतेस आणि निकाल लागतो तोही तुझ्याच विषयात. तुला तीन वर्षं काढून घेतलं तर तिथे कुलूप लावायची पाळी येईल. संस्था चालवणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा लागतो, कोणावाचून अडतं आणि कोणावाचून अडत नाही? तुझ्यावाचून अडतं. तुझ्याच विभागातल्या हरीशवाचून काडीचं अडत नाही. म्हणून रजा हरीशला दिली.

तू म्हणशील, हरीश फळ्याकडे तोंड करून वही वाचतो आणि मागे पोरं शिट्ट्या मारतात. बराबर आहे. मग विकासाची गरज कोणाला आहे, त्याला की तुला? तू तर तयारच आहेस.

आणखी एक. हरीशला विषय सुचेना. मीच सांगितलं, सेनगावच्या गवतावर कर. तुझे नमुने आयते आहेत, ते त्याला दे. विद्या काही कोणाच्या सातबाऱ्यावर चढवलेली नसते.

माणूस पारखायचा गुण मी आपल्या बाबांकडून घेतला. परवा नव्या अध्यापकांच्या वर्गात तीच गोष्ट सांगितली. मी लहान असताना, मेंढरांच्या तळावर, बाबांनी एकदा माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, हे पोरगं वेगळं आहे, ह्याला शाळेत घाला. वर्ग अगदी चिडीचूप झाला होता. आक्काला माझा नमस्कार सांग.

तुझा मामा,
संतराम


हिंगोली,
२० नोव्हेंबर १९९८

मामा, नमस्कार.

नमुने दिले. हरीश सर जीप घेऊन आले होते. प्रत्येक गवताचे माझ्याकडे दोन-दोन नमुने होते, त्यातला एक त्यांना दिला आणि एक माझ्या कपाटात ठेवला. एक जुडी हातात धरून त्यांनी मला विचारलं, "मॅडम, ह्याची वरची बाजू कोणती?" मी सांगितलं. जीपमध्ये ते सगळं त्यांनी स्टेपनीखाली दाबून ठेवलं.

निर्णय मान्य आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. मान्य आहे, पटलेला नाही. हरीश सरांचे तास आता माझ्याकडे आलेत. त्यांच्या जागी कोणी दुसरं मिळेल असं तुमच्या कक्षाचं पत्र होतं, पण त्या पत्राला सगळे हसतात.

हेगडे सरांना मी कळवलं, की यंदा जमत नाही. त्यांनी उलट टपाली एकच ओळ पाठवली, गवत कुठे पळून जात नाही. मी ती ओळ प्रयोगशाळेच्या दारामागे चिकटवली आहे.

आई बरी आहे. मेंढरं परभणीच्या बाजूला गेली आहेत, ती मात्र यंदा घरीच राहिली. विचारत होती, मामानं काय केलं. मी म्हटलं, मामाने माझं फार कौतुक केलं. तिला बरं वाटलं.

सुकन्या


हिंगोली,
१६ सप्टेंबर २००१

मामा, नमस्कार.

मधल्या काळात मी तुम्हाला दिवाळीच्या शुभेच्छांपलीकडे काही लिहिलं नाही. लिहायला बसले की कागद फाडावासा वाटे.

हरीश सर डॉक्टर होऊन आले. विभागप्रमुख झाले. त्यांचा प्रबंध मी वाचला. त्यात मारवेल आहे तिथे पवन्याचं चित्र आहे आणि पवन्या आहे तिथे चित्रच नाही. पहिल्या पानावर त्यांनी तुमचे, पत्नीचे आणि गणपतीचे आभार मानले आहेत. मीही आहे, 'प्रयोगशाळेतील सहकारी' म्हणून, शिपायाच्या नंतर. माझ्याकडून नेलेले नमुने कुठे आहेत म्हणून विचारलं, तर त्यांच्या पत्र्याच्या खोलीत ठेवले होते आणि भिजून गेले म्हणाले. दुःख झाल्यासारखा चेहरा त्यांना अजून जमत नाही, तेवढं प्रशिक्षण राहिलं असावं.

असो. रजेसाठी पुन्हा अर्ज मागवले आहेत. मी पुन्हा केला आहे. यावेळी एक गोष्ट वेगळी आहे. हेगडे सर निवृत्तीला आले. त्यांनी स्पष्ट लिहिलंय, की २००४ साली ते शेवटचा विद्यार्थी घेतील, त्यानंतर कोणालाही नाही. म्हणजे माझ्या हातात ही एक वेळ, आणि फार तर पुढची एक. माझ्या कपाटातले नमुने शाबूत आहेत. दर पावसाळ्यात मी त्यात नवीन भर घालते. त्या दोन बिननावाच्या गवतांची नावं अजून कोणालाच सांगता आलेली नाहीत, हेगडे सरांनाही नाही.

मामा, हरीश सरांवाचून अडत नव्हतं हे मी मान्य केलं होतं. आता ते प्रमुख आहेत. आता तरी माझ्यावाचून चालवून घ्या.

सुकन्या


विद्यापीठ परिसर,
८ ऑक्टोबर २००१

चि. सुकन्या, आशीर्वाद.

तुझ्या पत्रातला कडवटपणा मी तुझ्या वयावर सोडून दिला.

हरीश प्रमुख झाला म्हणून तर तुझी गरज दुपटीने वाढली. तो माणूस सरळ आहे, पण विभाग चालवणं त्याच्या आवाक्यातलं नाही, हे काय मला दिसत नाही? तू आहेस म्हणून त्याला प्रमुख करता आलं. तू गेलीस तर तो उघडा पडेल, आणि त्याच्यावर विद्यापीठाने केलेला तीन वर्षांचा खर्च पाण्यात जाईल.

यावेळी शिवहारला पाठवतोय. तो वर्गात झोपतो, अशी पोरांची लेखी तक्रार आली होती. तक्रार वाचूनच मी समितीला म्हटलं, हा माणूस इथे वाया चाललाय, ह्याला घडवायला हवं. सगळ्यांना पटलं. त्याच्यावाचून अडतही नाही.

पण मी तुला विसरलो असं समजू नकोस. यंदाचा आदर्श अध्यापकाचा सन्मान तुला द्यावा, असं मीच सुचवलं आणि ते मंजूर झालं. शाल, श्रीफळ आणि मानपत्र. मानपत्राचा मजकूर मी स्वतः लिहिला आहे, 'ज्यांच्यावाचून उपकेंद्राचे पान हलत नाही'. तू माझी भाची आहेस हे ठाऊक असलेले लोक काय म्हणतील याचीही मी पर्वा केली नाही. समारंभाला आक्काला घेऊन ये. तिला पुढच्या रांगेत बसव.

तुझा मामा,
संतराम


हिंगोली,
२३ डिसेंबर २००१

मामा, नमस्कार.

शाल आईला दिली. नारळाची चटणी झाली. मानपत्र हरीश सरांनी त्यांच्या खोलीत लावलं आहे, विभागाची शोभा म्हणून.

समारंभात तुम्ही पुन्हा तळावरची गोष्ट सांगितलीत, आजोबांनी निरखून पाहिलं ती. आई पुढच्या रांगेत होती. मी तिच्याकडे पाहिलं तर ती तोंडाला पदर लावून हसत होती. घरी आल्यावर तूर निवडताना मी विचारलं, काहून हसलीस? तर म्हणाली, "निरखून कशाचं पाहातंय? तुझा मामा बाभळीखाली झोपून राहायचा. दोनदा लांडग्यानं कोकरू नेलं त्याच्यापशून. मंग आमचा बाप म्हनला, हे पोरगं मेंढरामागं काई कामाचं न्हाई, ह्याला शाळेत घाला. बसून तरी राहील. आपल्यात तसंच करत्यात. जे कामाचं न्हाई ते शाळेत जातंय."

मी विचारलं, आणि तू? "मला काहून घालतेल? गुरुजी आलते तळावर. म्हनले, मनकर्णा मातीत बोटानं अक्षरं काढती, हिला पाठवा. बाप म्हनला, गुरुजी, हिच्यावाचून अडतंय. ही गेली तर मेंढरं कोन वळील?"

हे तिने हसत हसत सांगितलं आणि उठून चुलीकडे गेली. मग खूप वेळ बाहेर आली नाही. मी आत गेले नाही.

मामा, तुम्ही विद्यापीठात बसून तेच तर करता आहात. वळणारी वळत राहते आणि झोपणारा शिकायला जातो. तुम्हाला हे कधी दिसलंच नाही का? आई जन्मभर तुमची मेंढरं राखत राहिली, तिच्या लेकीने तरी किती राखायची? मला तुमचा राग आला आहे, आणि तो मी झाकणार नाही.

सुकन्या


विद्यापीठ परिसर,
११ जानेवारी २००२

सुकन्या,

तुझ्या पत्राची भाषा मला आवडली नाही. आक्का माझ्याहून मोठी आहे, तिला मी काही म्हणत नाही, पण म्हातारपणी माणसाच्या आठवणी गुंततात. लांडग्याने दोनदा नाही, एकदाच कोकरू नेलं होतं. तेही आजारी होतं.

बाकी विद्यापीठ म्हणजे मेंढरांचा कळप नाही. इथे मनुष्यबळाचं नियोजन असतं, प्रत्येकाच्या गरजेचं विश्लेषण असतं. ते तुला समजावं अशी अपेक्षा होती. ती चुकली.

जूनपासून तुमच्याकडे दिपाली नावाची नवीन अध्यापिका येते आहे. आखाडा बाळापूरची आहे, मुलाखतीत चमकली. तिला हाताशी धर, कामाला लाव. काम केलं की डोक्यातले किडे मरतात.

संतराम


विद्यापीठ परिसर,
७ जुलै २००३

चि. सुकन्या,

दीड वर्ष तू मला पत्र लिहिलं नाहीस. मी मनावर घेतलं नाही. पण आता लिहिणं भाग आहे.

तुमच्या उपकेंद्राचा निकाल पाहिला. तुझ्या विषयात इतकी पोरं नापास कधीच झाली नव्हती. चौकशी केली तर हरीश म्हणतो, मॅडम आता तासाला उशिरा जातात, अर्धा तास हजेरीच घेत बसतात, नाहीतर व्हरांड्यात उन्हाला बसून पेपर वाचतात. वेळापत्रक दोनदा चुकलं. एकाच वर्गात एकाच वेळी दोन परीक्षा लागल्या. यावर तू म्हणे नुसती हसलीस. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे तुझ्या कपाटातल्या गवताच्या नमुन्यांना वाळवी लागून सगळे गेले. इतक्या वर्षांचं काम! कपाटात डांबरगोळ्या टाकायचंसुद्धा तुला सुचलं नाही?

मला धक्का बसला आहे. तब्येतीचं काही आहे का? लग्नाचं काही मनात असेल तर मोकळेपणाने सांग, अजून वेळ गेलेली नाही. काहीतरी कळव.

मामा


हिंगोली,
२ ऑगस्ट २००३

मामा, नमस्कार.

तब्येत चांगली आहे. लग्नाचं काही नाही.

काय सांगू, मामा, मला आता जमत नाही. पूर्वी कसं जमायचं याचंच नवल वाटतं. वर्गात उभी राहिले की पुढचं आठवत नाही. मग मी फळ्याकडे तोंड करून वही वाचते. पोरं शिट्ट्या मारतात, मारोत बिचारी. डांबरगोळ्यांचं खरंच लक्षात राहिलं नाही.

पण काळजी करू नका, काही अडत नाही. दिपाली फार गुणी मुलगी आहे. वेळापत्रक आता तीच करते, परीक्षा तीच घेते, प्रयोगशाळेची किल्ली तिच्याकडेच असते. शनिवारी पोरांना माळावर नेते आणि परत आल्यावर माझ्यासाठी चहाही करते. मी कौतुक केलं की लाजते. तिच्यावाचून मात्र आमचं पान हलणार नाही.

नवीन काळाच्या पद्धती मला कळत नाहीत. कोणीतरी मला शिकवायला हवं, असं वाटतं.

तुमची,
सुकन्या


विद्यापीठ परिसर,
१९ मे २००४

चि. सुकन्या, अनेक आशीर्वाद.

गोड बातमी आहे, बस आणि मग वाच.

तुझं पत्र आल्यापासून माझ्या डोक्यात तुझाच विचार होता. इतका चांगला माणूस का ढेपाळतो? शेवटी उत्तर सापडलं. तुला कधी घडवलंच गेलं नाही! एका जागी राहून गंज चढला. मी समितीपुढे तुझी फाइल ठेवली आणि म्हणालो, नात्याचा प्रश्न बाजूला ठेवा, या बाईंना विकासाची नितांत गरज आहे, आणि आज त्यांच्यावाचून काही अडतही नाही, कारण दिपाली सगळं सांभाळते. हरीश आणि शिवहार या दोघांची उदाहरणं दिली. एकमताने मंजूर झालं. तीन वर्षांची पगारी रजा. बंगलोरच्या तुझ्या त्या हेगड्यांना कळव.

बघ, मी तुला विसरलो नव्हतो. योग्य वेळ यावी लागते. माणसाची पारख म्हणजे काय असते, हे तुला आता पटलं असेल. निवृत्तीआधी माझ्या हातून एवढं झालं, याचं समाधान आहे. आक्काला पेढे दे, पैसे माझे.

तुझा मामा,
संतराम


बंगलोर,
२८ नोव्हेंबर २००४

मामा, नमस्कार.

पोचून चार महिने होत आले, पत्र आज लिहिते आहे. हेगडे सरांनी मला शेवटची विद्यार्थिनी म्हणून घेतलं. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, नमुने आणलेत? मी म्हटलं, वाळवीने खाल्ले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले, पुन्हा गोळा करू. मी त्यांना सांगितलं नाही की ते होणार नाही. ज्या माळावर ती दोन बिननावाची गवतं होती तो गेल्या वर्षीच नांगरून निघाला, आता तिथे सोयाबीन आहे. गवत कुठे पळून जात नाही, असं त्यांनीच मला लिहिलं होतं.

डांबरगोळ्यांचं तुम्हाला खरं सांगते. त्या माझ्या टेबलाच्या खणात पुडीत होत्या. मी रोज खण उघडायची, पाहायची आणि लावायची. पहिल्यांदा कपाटाच्या खालच्या कप्प्यात माती दिसली त्या दिवशी मी घरी जाऊन रडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा खण उघडला आणि लावला. झोपणारा माणूस शिकायला जातो हे कळल्यावर झोपायला कितीसं लागतं? वाळवीचं तेवढं कठीण गेलं, बाकी सगळं सोपं होतं.

वर्गाचंही सोपं होतं. अर्धा अभ्यासक्रम मी शिकवलाच नाही. नापास झालेल्यांत रुख्मिणी म्हणून कळमनुरीची मुलगी होती. ती मला विचारायला आली होती, मॅडम, माझं काय चुकलं? मी म्हटलं, तू लक्ष दिलं नाहीस. त्याच महिन्यात तिच्या वडिलांनी तिला उजवून टाकलं. पत्रिका आली होती, मी गेले नाही. तिचं तोंड मला अजून दिसतं. पण खोटं कशाला बोलू, परत तीच वेळ आली तर मी परत तेच करीन.

निघायच्या आदल्या दिवशी आईला हे सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझ्यावर गेली वाटलं व्हतं. तू तर संतरामवर गेलीस." माझं डोकं मात्र तिने कुरवाळलं नाही. दर वेळी निघताना कुरवाळते.

आता काम सांगते. दिपालीला पुण्याच्या एका संस्थेने दोन वर्षांसाठी बोलावलं आहे. तिचा रजेचा अर्ज तुमच्याकडे येईल. अर्ज उत्तम असणार, मीच तिला एकदा लिहायला शिकवलं होतं. तिला सोडू नका. ती गेली तर हरीश सर आणि शिवहार सर मिळून विभाग चार दिवस चालवू शकणार नाहीत. मग तुमचा कक्ष मला रजेवरून परत बोलावील, आणि हेगडे सरांकडे पुन्हा यायला मला दुसरा जन्म घ्यावा लागेल. मी परत येईपर्यंत तिच्यावाचून अडतं, एवढं लक्षात ठेवा. फारच नाराज झाली तर आदर्श अध्यापकाचा सन्मान द्या. त्याने वर्षभर निभावतं, मला अनुभव आहे.

तिला काय लिहायचं हे मी तुम्हाला सांगावं असं नाही. पण शब्द सुचत नसतील तर तुमची जुनी दोन पत्रं माझ्याकडे आहेत, ९८चं आणि २००१चं. त्यांची झेरॉक्स पाठवते. नाव तेवढं बदला.

सुकन्या


विद्यापीठ परिसर,
१४ डिसेंबर २००४

चि. सुकन्या, अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. वाळवीबद्दल आणि त्या मुलीबद्दल तू जे लिहिलंस ते मी वाचलेलं नाही, असं समज. फाइलमध्ये आहे तेच बरं आहे. एवढंच म्हणतो, की संस्थेचा विचार करायला तू आता शिकलीस. पुढेमागे हा कक्ष सांभाळायला माणूस लागेलच.

दिपालीचा अर्ज आला. तुझ्या अर्जापेक्षाही चांगला आहे. समितीत मी तसं बोलूनही दाखवलं. परवा ती वडिलांना घेऊन बाळापूरहून इथे आली होती. वडील दारातच उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. पोरगी आधी धिटाईने बोलली, मग डोळ्यांत पाणी आणलं. मी तिला जवळ बसवलं, चहा मागवला आणि समजावलं, की बाळ, सगळ्या उपकेंद्राचा भार तुझ्यावर आहे, तू तर तयारच आहेस, तुला कशाला हवं प्रशिक्षण? आपल्या बाबांची तळावरची गोष्टही सांगितली. वडिलांना फार आवडली. जाताना दोघंही माझ्या पाया पडले.

तिला लेखी उत्तरही आजच टपालाने पाठवलं. झेरॉक्स पाठवायची तसदी घेऊ नकोस. मजकूर मला पाठ आहे.

तुझा मामा,
संतराम